साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

कर्जतहून घाट चढू लागलेली आगगाडी पळसदरी मागे टाकते आणि थोड्या वेळाने ठाकुरवाडीचा फलक क्षणभर खिडकीत येऊन जातो. १८६३ साली खुला झालेला हा बोरघाटाचा लोहमार्ग. कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नव्हे. ठाकूर आदिवासींनी डोंगराच्या अंगाखांद्यावर जिथे जिथे संसार मांडला तिथे तिथे ते रुजले. त्यांच्या जुन्या घराची उंची कोणा अभियंत्याने ठरवली नव्हती. रानात मिळेल तेवढ्या लांबीची मेढ, शेणामातीने लिंपलेला कारवीचा कूड, आणि आषाढातल्या वाऱ्याने छप्पर उचलू नये म्हणून खाली ओढलेली वळचण. आत जायचे ते मान लववूनच.

आज याच लोहमार्गाच्या आधाराने मुंबईची घरे कर्जत-खालापूरला येऊन पोहोचली आहेत. त्यांच्या मागोमाग मुंबईचे नियमही आले. घर किती उंच बांधावे, जमिनीचा किती भाग व्यापावा, हे सांगणारे हे नियम जन्मले कसे, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे वाटते.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात तापाने माणसे पटापट दगावू लागली. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असल्याचे निदान प्रथम केले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, आपल्याच कॅथलिक समाजातले हे डॉक्टर पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो चित्रपटगृहासमोरचा त्यांचा पुतळा आपण पुष्कळांनी पाहिला असेल. तो कोणाचा, हे मात्र थोड्यांनाच सांगता येते.

प्लेगने शहर ओस पडले आणि सरकारची नजर चाळींकडे वळली. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती आणि भरदुपारीही दिवा लावावा लागे अशा खोल्या हेच रोगाचे घर, असे तेव्हा मानले गेले. १८९८ साली कायदा होऊन मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते दाट वस्तीतून कापले गेले. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या गेल्या. या कामात किती गरिबांची बिऱ्हाडे उठली आणि त्यांतली किती पुन्हा बसली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी आग्रहाने पुढे आणला तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा कल्पावी. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक उभी असता कामा नये. व्यवहारात याचा अर्थ असा, की मध्ये दहा फूट मोकळी जागा असेल तर समोरची इमारत वीस फुटांवर जाऊ नये. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झाले, म्हणजे नियमामागचे शास्त्र अर्धेच खरे होते. पण अंधाऱ्या खोलीत क्षय बळावतो, हे ऑर यांचे म्हणणे खोटे नव्हते. अर्ध्या चुकीतून बरा नियम निपजला असे म्हणू या.

अन्यत्रही असेच घडत होते. लंडनने १८९४ च्या कायद्याने इमारतींना ८० फुटांची मर्यादा घातली. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली उभ्या राहिलेल्या इक्विटेबल इमारतीची सावली दूरवर पडू लागली, तेव्हा १९१६ साली तिथे वरचे मजले मागे सारण्याचा नियम झाला. नव्या घराच्या धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, हा अनुवादाच्या पुस्तकातला आदेश तर यांहून किती जुना!

मुंबईच्या १९६४ च्या विकास आराखड्याने चटईक्षेत्र निर्देशांक आणला. भूखंडाच्या क्षेत्रफळाला एका आकड्याने गुणायचे. येईल तेवढे बांधकाम करण्याची मुभा. १९९१ च्या नियमावलीत तो शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ होता. हिशेब सोपा झाला खरा, पण माझ्या मते इथेच काहीतरी निसटले. कोन मोजताना शेजाऱ्याची खिडकी मोजावीच लागते. गुणाकाराला शेजारी लागत नाही, आणि गुणाकार विकताही येतो. २०२० साली महाराष्ट्राच्या बहुतेक भागांसाठी एकत्रित नियमावली आली. (माथेरानसारखी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठिकाणे तीतून वगळली आहेत.) तीनुसार रस्ता जितका रुंद तितके अधिक बांधकाम, अधिमूल्य भरून, करता येते.

डोंगरी मुलखात मात्र कोन पुन्हा येतो. एकास पाचपेक्षा अधिक उतारावर बांधकाम करू नये, असे आपल्याकडचे नियम सांगतात. पण हा नियम परवानगी मागायला येणाऱ्याला. पिढ्यान्‌पिढ्या उतारावरच राहत आलेल्यांनी कोणाकडे नकाशा न्यायचा?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी दरडीखाली गेली. तीही ठाकरांचीच वाडी. घरे ठेंगणी, कोणाचाही उजेड न अडवणारी. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत; चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने चौकजवळ नवी घरे बांधली.