कर्करोगाच्या पेशींची ‘पकड’ पेप्टाइडने सोडवता येते का?

कर्करोग जीवघेणा ठरतो तो बहुतेकदा शरीरभर पसरल्यामुळे. पण पेशी सरकते कशी? तिच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांच्या मदतीने पेशी पुढे पकड घेते, मागची सोडते आणि सरकते.

फायब्रोनेक्टिन या प्रथिनावर ही पकड नेमकी कुठे बसते, ते १९८४ मध्ये समजलं. आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल, एवढा तीन अमिनो आम्लांचा तुकडा त्यात कळीचा असतो.

अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये रसायनशास्त्रज्ञ होर्स्ट केसलर यांच्या गटाने हाच तुकडा असलेलं वर्तुळाकार पेप्टाइड बनवलं, सिलेंगिटाइड. ते इंटिग्रिनला आधीच चिकटून बसतं, त्यामुळे पेशीला पकडीसाठी जागाच उरत नाही.

प्रयोगशाळेत आशा दिसली. मात्र ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या ५४५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा नेहमीच्या उपचारांना सिलेंगिटाइडची जोड देऊनही आयुष्य वाढलं नव्हतं. दोन्ही गटांत निम्मे रुग्ण सुमारे २६.३ महिन्यांपर्यंतच जगले.

म्हणून ‘पेप्टाइडने कर्करोग रोखला’ अशी पोस्ट दिसली, तर आधी पाहा: प्रयोग पेशींवर झालाय की रुग्णांवर?