कोल्हापूर–मालवण एकदिवसीय सहल आणि सिंधुदुर्गाचा इतिहास

प्रस्तावना : कोल्हापूरहून पहाटे निघून घाटमार्गे मालवण गाठावे, सिंधुदुर्ग किल्ला पाहावा, माशांचे जेवण घ्यावे व रात्री परतावे, हा एकदिवसीय सहलीचा परिचित क्रम होय. महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलीही बहुधा याच क्रमाने जातात. या क्रमात इतिहासाचा कोणता भाग दृष्टीआड होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक संबंध : छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये मालवणजवळील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. पुढे मराठी राज्याची सातारा व कोल्हापूर अशी विभागणी झाल्यावर हा जलदुर्ग कोल्हापूरकडे राहिला. महाराणी जिजाबाई यांच्या कारकिर्दीत, 1765 मध्ये, इंग्रजांनी तो जिंकून त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. तथापि तहानंतर तो कोल्हापूरकडे परत आला. 1812 च्या तहान्वये मात्र मालवण बंदर कायमचे इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचा समुद्राशी असलेला राजकीय संबंध संपुष्टात आला. म्हणजेच आज सहलीची गाडी ज्या दिशेने घाट उतरते, त्या दिशेला एकेकाळी घाटावरील राजधानीचे स्वतःचे बंदर होते. किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिर या संबंधाची आजही आठवण देते.

सहलीची मर्यादा : किल्ल्यावर जाण्यासाठी होडीखेरीज मार्ग नाही, आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. एरवीही परतीच्या होडीची वेळ ठरलेली असल्याने सुमारे तासाभरात मंदिर, महाराजांच्या हातापायांचे ठसे व दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी एवढेच पाहून होते. किनाऱ्यावरील राजकोट, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या वाटेने गाठता येणारा पद्मगड व कोळंब खाडीच्या मुखावरील सर्जेकोट ही साहाय्यक ठाणी बहुधा वगळली जातात. परिणामी एका संरक्षणव्यवस्थेचा केंद्रबिंदू तेवढा दिसतो. व्यवस्था दिसत नाही. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांशी संवादही घडत नाही.

1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने 12 किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत सिंधुदुर्गही आहे. हा सन्मान सुट्या वास्तूंना नसून किल्ल्यांच्या परस्परसंबद्ध जाळ्याला आहे, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

निष्कर्ष : एक दिवस अपुरा असतो हे खरे, परंतु खरी उणीव वेळेपेक्षा क्रमाची आहे. घाट उतरतानाच बंदर व राजधानी यांचा संबंध विशद केला, भरती-ओहोटीची वेळ पाहून आखणी केली आणि होडीत बसण्यापूर्वी राजकोटावरून सिंधुदुर्ग व पद्मगड यांची परस्परांच्या संदर्भातील स्थाने दाखविली, तर त्याच एका दिवसात विद्यार्थ्यास किल्ल्याबरोबर त्यामागील राज्यविचारही उमगेल. अन्यथा सहल शैक्षणिक राहील ती केवळ परिपत्रकापुरती.