परळ ते पवई : कर्करोगावरील प्रतिकारोपचाराची वाटचाल

भारतातील कर्करोग-संशोधनाचा इतिहास बव्हंशी मुंबईचा इतिहास आहे. १९४१ मध्ये परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला; पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशी शरीराबाहेर वाढविण्याची ही विद्या येथे आधीच रुजलेली होती, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. पवईच्या आयआयटीतील प्रा. राहुल पुरवार यांनी टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने स्वदेशी पर्याय विकसित केला. यात रुग्णाच्या टी-पेशींमध्ये निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत नवे जनुक सोडले जाते. अशा पेशी कर्कपेशींवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखतात. मात्र निरोगी बी-पेशींवरही तेच प्रथिन असल्याने त्याही नष्ट होतात व संसर्गाचा धोका वाढतो. नेक्सकार-१९ या नावाने या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. खर्च परदेशी उपचाराच्या सुमारे एक-दशांश आहे. तथापि ती रक्कमही कित्येक लाखांत जाते, आणि सामान्य पगारदार कुटुंबास ती आजही पेलवत नाही.