वाकलेला बांबू आणि हलणारी जमीन

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातात. एक्स-रेवर कणा पेरांच्या बांबूसारखा दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला ‘बांबू स्पाइन’च म्हणतात. हा बांबू पुढे वाकून पक्का झाला, तर माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पायाखालची जमीन तेवढी दिसते.

विष्णुपुरीत मेडिकल कॉलेज, इंजिनिअरिंग कॉलेज आणि विद्यापीठ शेजारी शेजारी आहेत. तेव्हा हा विषय इथे भूमितीच्या अंगाने सांगायला हरकत नाही. बांबूचं गणित आपल्याकडे जुनं आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडतो आणि शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकतो. मोडला कुठे? १२ हातांवर. सर्जनपुढचा प्रश्न याच्या उलटा असतो. कुठे आणि किती मोडला, तर शेंडा हवा तिथे येईल?

बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९४५ साली पहिला मार्ग प्रसिद्ध केला. कण्याची मागची हाडं कापायची आणि पुढची बाजू उघडायची. त्यात पुढची महारोहिणी ताणली जाऊन फाटण्याचा धोका होता. पुढे १९८५ मध्ये थॉमसेन यांनी मणक्यातूनच पाचर काढून फट मिटवण्याची पद्धत मांडली. एका जागी साधारण ३०-३५ अंश मिळतात. पण रुग्णाला नेमके किती अंश हवेत? ते बरंचसं अनुभवावर, नाहीतर एक्स-रेचं ट्रेसिंग कात्रीने कापून, फिरवून बघण्यावर असे.

२००० साली नेदरलँड्सच्या व्हॅन रॉयेन यांनी खास या आजारासाठी त्रिकोणमिती मांडली. २००६ मध्ये अमेरिकेत ओंड्रा यांनी टॅन्जंटचा सोपा हिशोब दिला. समजा, मानेच्या तळाचा मणका २० सेंटिमीटर पुढे गेलाय आणि कापायची जागा त्याच्या ४० सेंटिमीटर खाली आहे. २० भागिले ४०, म्हणजे ०.५, कोन सुमारे २७ अंश. शाळेतलंच गणित! आणि गंमत बघा, ते इथे लागू पडतं ते कणा ताठ असल्यामुळे. एरवी एका ठिकाणी सरळ केलं, की वरचे मणके आपापलं वळण बदलतात. जुळलेला कणा ते करू शकत नाही. आजाराने जे हिरावलं, त्यानेच भाकीत शक्य केलं.

तरी २७ अंश कापून माणूस पुन्हा पुढे झुकलेलाच उरू शकतो. कारण लीलावतीतली जमीन हलत नाही, इथली हलते. वाकलेला माणूस तोल सांभाळायला पेल्विस, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, मागे फिरवतो, गुडघे वाकवतो. कणा सरळ झाला की ते कडं आपल्या जागी परत येतं आणि वरचा अख्खा बांबू पुढे नेतं. ते १० अंश परतलं, तर २७ पैकी १० तिथेच गेले. कडं मुळात कुठे असायला हवं, हे ओळखायची खूण फ्रान्सच्या दुवाल-बोपेर यांच्या गटाने १९९० च्या दशकात दिली: पेल्विक इन्सिडन्स. वाढ पूर्ण झाल्यावर हा कोन जवळपास बदलत नाही, माणूस कितीही वाकला तरी. माझ्या मते या इतिहासातला मोठा टप्पा हाच. कापण्याच्या नव्या तऱ्हा त्यानंतर.

आता नजर. मानही जुळलेली असेल, तर पाठीत केलेला प्रत्येक अंश डोळ्यांपर्यंत पोचतो. कोरियाच्या सुक यांनी २००३ मध्ये हनुवटी-कपाळाच्या रेषेचा कोन यासाठीच मोजला. जास्त सरळ केलेल्या माणसाला क्षितिज दिसतं, पण जिन्याची पायरी दिसत नाही. आपल्याकडे मांडी घालून जेवणाऱ्याला ताट दिसत नाही, निंदणाऱ्याला तास दिसत नाही. थोडा झुकाव मुद्दाम ठेवायचा का, आणि किती, हे एक्स-रे सांगत नाही; ते शस्त्रक्रियेआधी त्या माणसालाच विचारावं लागतं.