यवनांचे सिमुल्ल, आपले चौल

हैदराबादेतील जामबाग ही काही समुद्रकाठची वस्ती नव्हे. कोठीच्या गजबजाटाला लागून असलेल्या ह्या भागात विवेकवर्धिनी ही मराठी माणसांनी उभारलेली शिक्षणसंस्था आहे, मराठवाड्यातून आलेली कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत, आणि समुद्र पाहावयाचा तर लांबचा प्रवास करावा लागतो. तरीही ह्या नावातून समुद्राची एक गोष्ट ऐकू येते. हैदराबादच्या बोलीत पेरूला ‘जाम’ म्हणतात. त्यामुळे जामबाग म्हटले की कानाला पेरूची बाग ऐकू येते. नावाची व्युत्पत्ती पंडितांनी कशीही लावावी. परंतु ते फळ मूळचे आपले नव्हे एवढे खरे. ते अमेरिकेतले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ते हिंदुस्थानात आले आणि येथल्या मातीत असे रुजले की ते परके होते हे आज कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

ज्या बंदरांतून असे परके पदार्थ आणि परकी माणसे आपल्या देशात शिरली, त्यांतील एका बंदराची हकीकत आज सांगावयाची आहे. ते बंदर म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौल. अलिबागेच्या दक्षिणेस साधारण दहा मैलांवर, कुंडलिका नदीच्या मुखाशी ते वसले आहे. आज तेथे नारळी-पोफळीच्या वाड्या, जुनी देवळे, शांत पाखाड्या आणि शेजारी रेवदंड्याच्या पडक्या तटाच्या भिंती दिसतात. पण एके काळी ह्या गावाचे नाव थेट ग्रीक लोकांच्या लेखी चढले होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या सागरी प्रवासाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे. कल्याणच्या पुढे कोणकोणती बाजारपेठेची बंदरे लागतात हे सांगताना तो प्रथम ‘सेमुल्ला’ हे नाव घेतो. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमी ह्या भूगोलवेत्त्याने त्याच बंदरास ‘सिमुल्ल’ म्हटले, आणि तेथून परत आलेल्या व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकून, स्थानिक लोक त्यास ‘तिमुल’ म्हणतात अशीही नोंद केली. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखात ‘चेमुल’ आढळते. पुढे अरबांनी ‘सैमूर’ म्हटले, रशियन प्रवाशाने ‘चिविल’ लिहिले. ज्याच्या त्याच्या जिभेप्रमाणे नाव वळले. गाव मात्र एकच.

ग्रीक व्यापारी येथे येत कसे? नाईल नदीच्या मुखाशी अलेक्झांड्रिया हे ग्रीकांचे समुद्रकाठचे महानगर होते. अलेक्झांडरने ते इ.स.पूर्व 331 मध्ये वसविले. तेथील माल नाईलमधून वर जाई, वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बंदरांत उतरे, आणि जुलैच्या सुमारास नैर्ऋत्येचे मोसमी वारे धरून जहाजे हिंदुस्थानाकडे निघत. भडोच येथे उतरणाऱ्या मालाची यादी पेरिप्लसकाराने दिली आहे: मद्य, त्यातही इटलीचे विशेष पसंतीचे; तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच, सोन्या-चांदीची नाणी. परत जाताना जहाजांत हस्तिदंत, अकीक, सुती व रेशमी कापड, पिंपळी भरली जात असे.

ह्या व्यापाराचा एक धागा थेट मराठवाड्यापर्यंत पोहोचतो. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांत घालून, बिकट वाटांनी भडोचपर्यंत नेत, असे तोच लेखक सांगतो. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेस तेर आणखी दहा दिवसांवर, असे अंतरही तो देतो. 1956 पर्यंत पैठण आणि तेर ही दोन्ही गावे हैदराबाद राज्यात होती. जामबागेतील कित्येक घरांच्या आजोबा-पणजोबांची शेते त्याच मुलखात असतील. म्हणजे समुद्र दूर असला, तरी समुद्रावरच्या व्यापाराशी ह्या माणसांच्या पूर्वजांचा संबंध नव्हता असे म्हणता येत नाही.

आता भोजनाकडे वळू. ग्रीक शब्द ‘पेपेरी’ हा आपल्या ‘पिप्पली’वरून गेलेला आहे, आणि आपल्याकडे मिऱ्याला संस्कृतात ‘यवनप्रिय’ असे नाव पडले. एका पदार्थाने दोन भाषांत दोन खुणा ठेवल्या! ही मिरी मुख्यतः मलबारची. तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या बेरेनिके बंदरात उत्खनन झाले, तेव्हा तेथील देवळाच्या जमिनीत पुरलेल्या भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी जशीच्या तशी मिळाली. त्याहूनही मनास भिडणारी गोष्ट म्हणजे, त्याच ठिकाणी तांदूळ, मूग आणि नारळ ह्यांचेही अवशेष सापडले. मिरी रोमला पाठविण्याचा माल होता. पण मूग आणि तांदूळ कोणासाठी? तेथे जाऊन राहिलेल्या हिंदी खलाशी-व्यापाऱ्यांची ती शिदोरी असावी, असा तर्क सहज करता येतो. घरापासून हजारो मैलांवर, वाळवंटाच्या कडेला, कोणी तरी आपल्या सवयीचे अन्न शिजवीत होते.

इकडे आलेल्या यवनांचे काय? ‘यवन’ हा शब्द मूळचा आयोनियातील ग्रीकांना उद्देशून होता. पुढे शतकांच्या ओघात त्याचा अर्थ पालटत गेला. कार्ले येथील चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी स्तंभ दान दिल्याचे लेख आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ‘सिहधय’ असे अगदी इकडचे. हे लोक जन्माने ग्रीक होते की आणखी कोणी, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ते स्वतःस यवन म्हणवीत आणि बौद्ध संघास दान देत, ह्यात शंका नाही. जुन्नरच्या लेण्यांत तर ‘चिट’ नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. सोने नव्हे, रत्ने नव्हेत. समुद्रापलीकडच्या कुळाचे नाव सांगणाऱ्या त्या माणसाने भिक्षूंना बसून जेवण्यासाठी जागा दिली. मला हा लेख सबंध यवन-व्यापाराच्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो.

पुढे रोमचा व्यापार मंदावला, पण चौल ओस पडले नाही. 916 च्या सुमारास अल्‌-मसूदी हा अरब प्रवासी सैमूरला आला. राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली शिलाहार राजा झंझ तेथे राज्य करीत होता, आणि शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत, असे त्याने नमूद केले आहे. ह्याच किनाऱ्यावर बेने इस्रायल समाजही वसला. नवगावजवळ गलबत फुटून आपले पूर्वज येथे आले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी त्यांची मातृभाषा झाली. एलियाहू पैगंबराच्या नावाने ते जो मलिदा करतात, त्यात कोकणचेच पोहे, कोकणचेच ओले खोबरे आणि गूळ-साखर असते.

पंधराव्या शतकात, 1469 च्या सुमारास, रशियातील त्वेर शहरचा अफानासी निकितिन एक घोडा विकण्यासाठी घेऊन चौलला उतरला. गोरा माणूस पाहून लोक मागे मागे येत, असे तो लिहितो. तेथून जुन्नरमार्गे तो बहामनींच्या बीदर राजधानीत गेला. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत असे त्याने हिंदूंना सांगितले, तेव्हा त्यांनी आपले जेवणखाण, व्यापार आणि पूजाअर्चा त्याच्यापासून लपविली नाही. तूप घातलेली खिचडी आणि शिजविलेली भाजी उजव्या हाताने खातात, हे त्याने पाहिले. परंतु त्याबरोबर एक खंतावणारी गोष्टही त्याने टिपली: येथील भिन्न भिन्न पंथांचे लोक एकमेकांबरोबर खात-पीत नाहीत आणि सोयरीकही करीत नाहीत. जुन्नरच्या डोंगरात यवनाचा भोजनमंडप खोदला गेला होता. त्याच जुन्नरवरून जाणाऱ्या परदेशी माणसाला तेराशे-चौदाशे वर्षांनी हे लिहावे लागले. मधल्या काळात आपल्या धर्मशास्त्रकारांनी समुद्रगमनही कलिवर्ज्यांत घातले होते.

मग आले पोर्तुगीज. 1508 मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली आणि व्हाइसरॉयचा पुत्र लोरेंसो द आल्मैदा तीत पडला. 1521 मध्ये निजामशाहाच्या परवानगीने त्यांनी किल्ला बांधावयास घेतला. 1570-71 मध्ये निजामशाही फौजेने घातलेला वेढा त्यांनी परतवला. 1740 मध्ये चौल मराठ्यांच्या हाती आले. तोवर मुंबई वाढू लागली होती. चौलचे कित्येक विणकर तिकडे गेले, व्यापारही गेला. समोरच्या कोर्लई गावात मात्र पोर्तुगीज आणि मराठी ह्यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली अजून घराघरांत बोलली जाते. पोर्तुगालचे राज्य तेथून गेले त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली.

श्रोतेहो, पोर्तुगीजांनी आणलेली मिरची आपण अशी आपलीशी केली की मिऱ्याचेच नाव थोडे वळवून तिला दिले. बटाटा, काजू, अननस, पपई, पाव हे शब्द आणि हे पदार्थ आज कोणत्याही मराठी घरात पाहुणे राहिलेले नाहीत. ग्रीकांकडून आलेले ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द ज्योतिषी पत्रिका मांडताना उच्चारतो. ‘द्राख्मा’ ह्या ग्रीक नाण्याचा ‘द्रम्म’ झाला आणि द्रम्माचा ‘दाम’ झाला. परका पदार्थ आपण स्वयंपाकघरात घेतला, परका शब्द देवघराजवळच्या पंचांगातही घेतला. प्रश्न एवढाच उरतो की, तो आणणाऱ्या माणसाला आपण पंक्तीत बसविले काय?

चौलचा इतिहास ह्या प्रश्नाचे एक उत्तर देत नाही, दोन देतो. एक चिट यवनाचे आहे आणि दुसरे निकितिनने पाहिलेल्या समाजाचे. दोन्ही आपलीच आहेत. त्यांतून निवड करण्याची वेळ समुद्रकाठीच येते असे नाही. हैदराबादसारख्या, जेथे तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड बोलणारी माणसे एकाच गल्लीत राहतात, त्या शहरात ती रोज येते. जामबागेत शेजारच्या घरातून एखादी ताटली झाकून येते, आणि ती रिकामी परत करू नये म्हणून आपण तीत आपल्याकडचे काही घालून पाठवितो. बंदराचा व्यवहार ह्याहून फारसा निराळा नसतो. पुन्हा कधी रेवदंड्याच्या वाटेने जाल, तर पडके तट जरूर पाहा. पण जुन्नरच्या त्या भोजनमंडपाचीही आठवण ठेवा.