घेवड्याची दुसरी वाट

प्युट्रेसिन हे नावच नाक मुरडायला लावणारे आहे. बर्लिनमध्ये लुडविग ब्रिगर यांनी १८८५ मध्ये सडलेल्या मांसातून हे द्रव्य शोधले आणि सडण्याला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे बारसे केले. त्याच्याच कुळातल्या स्पर्मीनचे स्फटिक लेव्हेनहूक यांनी सतराव्या शतकातच मानवी वीर्यात पाहिले होते. या कुळाला आज पॉलिअमाइन म्हणतात. एकाचे नाव कुजण्यावरून, दुसऱ्याचे वीर्यावरून. त्यांचा हिरव्या पानाशी काही संबंध असेल, असे या नावांवरून कोणाच्या मनात येणे अवघडच होते. १९५२ मध्ये रिचर्ड्स आणि कोलमन यांना पोटॅशियमची उणीव असलेल्या बार्लीच्या पानांत प्युट्रेसिन साठलेले आढळले, तेव्हा या द्रव्यांकडे वनस्पतिशास्त्राचे लक्ष वळू लागले.

या इतिहासात मला ओढून नेले ते आर्थर गॅल्स्टन या माणसाने. १९४३ च्या आपल्या पीएच.डी. संशोधनात त्यांनी सोयाबीन लवकर फुलवणारे एक रसायन अभ्यासले होते. मात्रा जास्त झाली की झाडाची पाने गळतात, हेही त्यांनी नोंदवले. पानगळ घडवणारी रसायने शोधणाऱ्या लष्करी संशोधकांनी पुढे या नोंदीचा आधार घेतला. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामवर एजंट ऑरेंज आणि तशीच इतर रसायने फवारली. जंगल, पीक आणि खाली राहणारी माणसे असा भेद त्या फवाऱ्याला नव्हता. एजंट ऑरेंजमध्ये गॅल्स्टन यांचे रसायन नव्हते. ‘माझा काय संबंध?’ असे म्हणून त्यांना बाजूला होता आले असते. ते झाले नाहीत. फवारणी थांबवण्यासाठी आवाज उठवणाऱ्या वैज्ञानिकांत ते आघाडीवर राहिले.

पुढे येल विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत पॉलिअमाइनवर काम सुरू झाले. मंचिकटला वेंकट राजम हे भारतीय संशोधक तिथे होते. राजम, वाइनस्टीन आणि गॅल्स्टन यांचा १९८५ चा निबंध मी अनेकदा वाचला आहे. त्यामागची कल्पना साधी आहे. वाढणाऱ्या पेशीला पॉलिअमाइन लागतात, मग ती पानाची असो वा बुरशीची. प्युट्रेसिन बनवण्याच्या मुख्य वाटा दोन: एक ऑर्निथिनपासून, दुसरी आर्जिनिनपासून. बहुतेक वनस्पतींकडे दोन्ही वाटा असतात, तर बहुतेक बुरशींची सारी मदार पहिलीवर असते. ही पहिली वाट अडवणारे डीएफएमओ नावाचे रसायन तेव्हा उपलब्ध होते. तेच १९९० मध्ये आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचे औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले.

या तिघांनी घेवड्याच्या दहा दिवसांच्या रोपांना तांबेऱ्याच्या बीजाणूंची लागण केली आणि पानांवर डीएफएमओ फवारले. पुरेशी मात्रा मिळालेल्या पानांवर तांबेरा आलाच नाही. झाडाच्या ज्या भागांवर फवारा पडला नव्हता, तिथेही संरक्षण पोचले. बुरशीची एकुलती वाट बंद झाली होती. घेवड्याची दुसरी उघडी होती.

या प्रयोगाने शेतीतला तांबेऱ्याचा प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. त्याचे मोल मला वेगळ्या ठिकाणी दिसते. रोगनाशकाचा विचार सहसा ‘हे कशाला मारते?’ या प्रश्नापासून सुरू होतो. इथे आधी विचारले गेले, की पानाकडे असे काय आहे जे बुरशीकडे नाही? हा प्रश्न ज्या प्रयोगशाळेत विचारला गेला, तिच्या प्रमुखाने पाने गळवणाऱ्या फवारणीविरुद्ध लढा दिला होता, हे मला विसरता येत नाही.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे. आर्जिनिनची वाट वनस्पतींना बहुधा सायनोबॅक्टेरियाकडून, म्हणजे हरितलवकांच्या पूर्वजांकडून मिळाली असावी, असा निष्कर्ष २००३ मध्ये जनुकांच्या तुलनेवरून मांडला गेला. तो खरा असेल, तर एका सूक्ष्मजीवापासून घेवड्याला वाचवणारी वाट त्याच्या पूर्वजांना दुसऱ्या सूक्ष्मजीवाने दिली होती. शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतही जिवाणूंचे पॉलिअमाइन सापडतात, आणि तिथे तर दोघांचा संसार एकत्र चालतो. सडक्या मांसावरून नाव मिळालेल्या द्रव्याच्या कुळाचा हा जिवंत मुळांतला पत्ता आहे.