टिपरीपासून डॉलीपर्यंत

दौंड व शिरूर तालुक्यांतील शेतकऱ्याने ‘क्लोनिंग’ हा शब्द कदाचित १९९७ साली वर्तमानपत्रांत प्रथम वाचला असेल. परंतु त्या शब्दामागील क्रिया त्याच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. भीमा आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर उभा राहणारा ऊस तो बियांपासून घेत नाही. चांगल्या फडातील ऊस बेण्यासाठी राखायचा, त्याची दोन-तीन डोळ्यांची टिपरी तोडायची आणि ती सरीत दाबायची, ही लागणीची रीत. डोळ्यातून फुटणारा प्रत्येक कोंब हा मूळ उसाचाच पुढे वाढलेला देह असतो. हर्बर्ट वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली अशा रोपांसाठी शब्द सुचविला, तोही ‘डहाळी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. म्हणजे ‘क्लोन’ या शब्दाचा उगमच टिपरीत आहे.

उसाला तुरा आला की शेतकरी नाराज होतो, कारण तुऱ्यानंतर उसाची वाढ खुंटते. पण नवीन जात निर्माण होते ती मात्र तुऱ्यातूनच. कोईमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. तेथे बार्बर आणि त्यांचे सहकारी वेंकटरामन यांनी गोड उसाचा रानटी उसाशी संकर घडवून ‘को २०५’ ही जात सिद्ध केली. नीरा खोऱ्यात पाडेगाव येथे १९३२ साली सुरू झालेल्या केंद्राने १९९६ मध्ये ‘को ८६०३२’ ही जात शेतकऱ्यांच्या हाती दिली. बेण्याने गुण टिकतो आणि वाढतो. नवा गुण मात्र सहसा दोन भिन्न झाडांच्या मीलनाशिवाय येत नाही. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

प्रयोगशाळेने या जुन्या रीतीला नवे हात दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे मोठे काम झाले. तेथील नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हस या संशोधकांनी १९९० साली बांबूच्या ऊतिसंवर्धित रोपांना काचपात्रातच फुले आणून दाखविली. जो बांबू फुलण्यासाठी अनेक दशके घेतो, त्याच्या बाबतीत हे घडले, म्हणून ‘नेचर’ या नियतकालिकाने त्याची दखल घेतली. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या शेंड्यातील ऊतींपासून निरोगी रोपे तयार होऊ लागली. या संशोधनाकडे संशयाने पाहण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

तथापि एकसारखेपणाची किंमतही असते. कर्नाल येथे तयार झालेली ‘को ०२३८’ ही जात २००९ मध्ये प्रसारित झाली आणि काही वर्षांतच तिने उत्तर प्रदेशातील उसाचे बहुतांश क्षेत्र व्यापले. उतारा उत्तम, शेतकरी खूश, कारखानदारही खूश. पुढे तिच्यावर लाल कूज रोग पडला. हा रोग मुख्यतः बेण्यातून पसरतो. सर्व फड एकाच देहाचे असल्याने एका फडाला जे मारक, ते सर्वांनाच मारक ठरले.

वनस्पतींकडून जनावरांकडे येण्यासाठी दौंड तालुक्याच्या सीमेपलीकडे, उरुळीकांचनपर्यंत जावे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली तेथे ‘बाएफ’ संस्था उभारली आणि गोठविलेल्या वीर्याद्वारे कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेले. एका वळूपासून हजारो वासरे झाली. तरी प्रत्येक वासराला माता आणि पिता होतेच. ही मर्यादा स्कॉटलंडमध्ये ओलांडली गेली. ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली ही मेंढी प्रौढ मेंढीच्या कासेतील पेशीपासून घडविलेली होती. २७७ प्रयत्नांतून ती एकटी जन्मास आली आणि २००३ साली मरण पावली. आपल्या देशात कर्नालच्याच राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये क्लोन केलेले म्हशीचे रेडकू जन्मले. ते काही दिवसच जगले. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली ‘गरिमा’ दोन वर्षे जगली. पुढे २०१० मध्ये जन्मलेल्या ‘गरिमा-२’ने स्वतः रेडकाला जन्म दिला. दुधाळ म्हशीचा वंश वाढावा, हा हेतू रास्त आहे. मात्र मेलेल्या वासरांचाही हिशेब मांडला पाहिजे.

आता ख्रिस्तसभेची भूमिका. ख्रिस्तसभा विज्ञानाच्या मागून धावते, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. या विषयात तो टिकत नाही. श्रद्धासिद्धान्त मंडळाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डोनुम विते’ या निवेदनात मानवी क्लोनिंगचा निषेध केला होता. तेव्हा डॉलीच्या जन्माला नऊ वर्षे अवकाश होता. डॉलीची वार्ता आल्यावर १९९७ साली परमपीठाच्या जीवनविषयक अकादमीने वनस्पती व प्राणी यांच्या बाबतीत दार बंद केले नाही. मानवाला किंवा इतर सजीवांना खरा लाभ व्हावा, प्राण्यांचे रक्षण व्हावे आणि जीवजातींचे वैविध्य जपले जावे, एवढ्या अटी तिने घातल्या.

मग माणसाच्याच बाबतीत नकार का? क्लोन केलेल्या मुलाला आत्मा नसेल म्हणून नव्हे. एकरूप जुळी भावंडे आपण पाहतो. त्यांच्यात प्रतिष्ठेची उणीव कोणी काढीत नाही. असे मूल जन्मलेच तर तेही परमेश्वराची प्रतिमाच असेल. अन्याय असेल तो त्याला घडविणाऱ्यांच्या कृतीत. बेणे निवडताना आपण उतारा पाहतो, आणि तेथे ते योग्यच आहे. मूल उताऱ्यावर निवडले, तर ते दान राहत नाही, उत्पादन होते. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना आसरा दिला. ती संस्था आपल्या पंथाची नव्हे, पण दाखला मोलाचा आहे. त्या मुलींना कोणीही निवडले नव्हते. त्यांचे मोल ठरविण्यासाठी जात, रूप वा गुण विचारण्यात आले नाहीत.

उपचारासाठी भ्रूण क्लोन करून नष्ट करण्याला तर २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या निवेदनाने अधिक गंभीर मानले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही क्लोनद्वारे मूल जन्मास घालण्यास मनाई केली आहे. यामुळे रुग्णांची आशा मावळते, असे म्हणणाऱ्यांनी जपानच्या शिन्या यामानाका यांचे कार्य पाहावे. उंदराच्या त्वचेतील पेशींना त्यांनी २००६ साली भ्रूणपेशींसारखे सामर्थ्य मिळवून दिले. पुढच्या वर्षी मानवी पेशींवरही तो प्रयोग यशस्वी झाला. बेडकांवर क्लोनिंगचे प्रयोग करणाऱ्या जॉन गर्डन यांच्यासमवेत २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या पद्धतीत त्या पेशी मिळविण्यासाठी भ्रूण मोडावा लागत नाही.